गाडीतला कुबट वास : मूळ ओलाव्यात, उपाय वाळवण्यात

पावसाळा लागला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : एसी लावला की वास मारतो. हवा गार येते, गाडी धड चालते, इंजिनाला काही झालेले नसते. पण बटण दाबताच पहिल्या झोताबरोबर न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास नाकात शिरतो. या तक्रारीवर मिळणारी उत्तरेही ठरलेली. कुणी डॅशबोर्डवर सुवासिक जेलची डबी ठेवायला सांगतो, कुणी गॅस भरून घ्या म्हणतो, कुणी जाळीतून फवारा मारून देतो, तर कुणी थेट डॅशबोर्ड खोलण्याचा खर्च सांगतो. यातले एखादे उत्तर एखाद्या गाडीला लागू पडतेही. पण वास कसला आहे हे न पाहताच पैसे खर्च होतात आणि पंधरा दिवसांनी तोच वास परत येतो.

म्हणून हा प्रश्न एकदा सगळीकडून पाहायला हवा. वास येतो कुठून, तो ओळखायचा कसा, कोणते उपाय टिकतात, आणि तो परत येऊ नये म्हणून काय करायचे? या सगळ्याचे सूत्र आधीच सांगून ठेवते. एसीचा नेहमीचा कुबट वास म्हणजे साचलेल्या ओलाव्याची तक्रार असते. ओलावा हटवणारा उपाय टिकतो. बाकीचे उपाय वास नुसता झाकतात.

पाणी कुठून येते

गाडीच्या एसीत कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर बोनेटखाली असतात. ज्या भागावरून हवा गार होऊन आपल्यापर्यंत येते, ती कूलिंग कॉइल मात्र डॅशबोर्डच्या आत, एका प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असते. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची, अगदी दाट पापुद्र्यांची ही कॉइल चालू असताना शून्य अंशाच्या थोडी वर असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच हवेतले बाष्प या कॉइलवर पाणी होऊन जमते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट दिवशी तासाभरात अर्धा-एक लिटर पाणी सहज निघते. ते पेटीच्या तळाशी गोळा होऊन एका बारीक रबरी नळीवाटे गाडीखाली ठिबकते. उभ्या गाडीखाली दिसणारे ते स्वच्छ पाण्याचे थारोळे म्हणजे एसी नीट काम करत असल्याची खूणच.

अडचण गाडी बंद केल्यावर सुरू होते. पापुद्र्यांच्या मधे अडकलेले पाणी निथळून जात नाही. पेटीत काळोख असतो, हवा खेळत नसते, आणि कॉइलवर धूळ, परागकण, कापडाचे तंतू, सिगारेटच्या धुराचा चिकट थर असे खाद्य आयतेच बसलेले असते. जिवाणू आणि बुरशी यांना याहून सोयीची जागा मिळणार नाही. ते कॉइलला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्या आवरणाच्या आड एकत्र नांदतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गाड्यांच्या एसीतल्या अशा मिश्र थरांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांना कॉइलवर मिथायलोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू आणि पेनिसिलियम जातीची बुरशी एकत्र वाढलेली सापडली. हे जीव वाढताना जी वायुरूप द्रव्ये सोडतात, त्यांचा आपल्याला वास येतो.

वास सारखा का येत नाही, याचेही उत्तर इथेच आहे. कॉइल कोरडी असताना ही द्रव्ये तिच्यावर धरून राहतात. एसी लावला की पाणी जमू लागते आणि ते या द्रव्यांना हुसकावून हवेत सोडते, म्हणून पहिली दोन-चार मिनिटे वास जास्त येतो. नंतर कॉम्प्रेसर मधेच थांबला, कॉइल जराशी तापली आणि पाणी सुकू लागले, की पुन्हा एक झोत येतो. सिग्नलला गाडी थांबली की वास वाढतो असे अनेक चालक सांगतात, त्यामागे बहुधा हेच असते. शिवाय नाक लवकर सरावते. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याला वास जाणवेनासा होतो आणि बाहेरून आलेला पाहुणा मात्र दार उघडताच नाक मुरडतो. म्हणून परीक्षा करायची तर नाक बाहेरच्या माणसाचे घ्यावे.

सगळे वास एका जातीचे नसतात

उपायाआधी वासाची जात ओळखणे सर्वांत महत्त्वाचे, कारण एसीच्या जाळीतून येणारा प्रत्येक वास एसीचा नसतो. बाहेरची हवा पुढच्या काचेखालच्या, वायपरजवळच्या जाळीतून आत येते. बोनेटखाली काही गळत किंवा जळत असेल तर त्याचाही वास याच वाटेने आत शिरतो.

कुबट, आंबूस, ओलसर वास हा वर सांगितलेला, कॉइलचा किंवा भिजलेल्या गालिच्याचा. गोडसर वास आणि त्याबरोबर काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल तर हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट गळत असण्याची शक्यता मोठी. त्या कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि कूलंट कमी झाले की इंजिनही तापते, तेव्हा हे काम लांबवू नये. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर ब्लोअरची मोटार, तिचा रेझिस्टर किंवा वायरिंग तपासायला हवे; अशा वेळी गाडी बाजूला घेऊन एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद करणे बरे. जळक्या तेलाचा वास सहसा इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून झिरपलेले तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडल्याने येतो. सडक्या अंड्यांचा वास बाहेर पडणाऱ्या धुराशी किंवा जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीशी जोडलेला असतो. पेट्रोलचा वास आला तर चर्चा नको : गाडी थांबवावी, बंद करावी आणि गळती सापडेपर्यंत चालवू नये.

धुराचा वास आत येणे हे सर्वांत गंभीर. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. बंद गॅरेजमध्ये किंवा भिंतीला टेकून उभ्या केलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपणे जीवघेणे ठरू शकते. कुबट वास त्रासदायक असतो. हा वायू मात्र कळायच्या आत माणूस नेतो.

आणखी एक वास आपल्याकडे पावसाळ्यात फार भेटतो, तो मेलेल्या उंदराचा. सोसायटीच्या आवारात बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायपरखालच्या जाळीतून ब्लोअरपर्यंत पोहोचतात, फिल्टर कुरतडतात, चिंध्या आणि पाने गोळा करून घरटे करतात. वास तीव्र आणि कुजका असेल आणि दिवसागणिक वाढत असेल तर फवाऱ्याच्या भानगडीत न पडता ब्लोअर उतरवून पाहावा. उंदराचे मूत्र आणि लेंड्या साफ करताना हातमोजे घालावेत, आधी जंतुनाशक पाण्याने ओल करावी आणि मगच पुसावे. कोरडे झाडून धूळ उडवू नये. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आपल्याकडे डोके वर काढतो आणि त्याचा प्रसार अशाच मूत्राने होतो.

घरच्या घरी तपासणी

गॅरेज गाठण्याआधी अर्ध्या तासात बरेच काही कळते. आधी एसी बंद ठेवून, बाहेरची हवा आत घेणाऱ्या बटणावर ब्लोअर पूर्ण वेगाने चालवावा. इथेच वास आला तर फिल्टर, वायपरखालची जाळी किंवा बोनेटखालच्या गळतीचा संशय घ्यावा. मग आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. आता वास वाढला तर तो केबिनमधूनच, म्हणजे गालिचा, सीट किंवा डिकीतून उचलला जातो आहे. शेवटी एसी लावावा. तेव्हाच वास सुरू झाला तर कॉइल.

एसी दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर गाडीखाली वाकून पाहावे. दमट दिवसातही पाणी ठिबकत नसेल तर नळी चोंदली आहे असे समजावे. नळीच्या तोंडाशी माती, पानांचा चुरा, कधी किड्यांनी केलेले घर बसलेले असते. मग पाणी पेटीतच साचते आणि भरून वाहू लागले की बहुतेक गाड्यांत पुढच्या डाव्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी उतरते. वरची मॅट कोरडी दिसली तरी फसू नये. मॅट उचलून खालच्या गालिच्यावर तळहात दाबून धरावा. त्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो; हात ओला झाला की वासाचे अर्धे कोडे तिथेच सुटते.

मग फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. खण रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडायचा, मागे एक आडवे प्लॅस्टिकचे झाकण दिसते, त्याच्या खिट्ट्या दाबल्या की फिल्टर सरकून बाहेर येतो. वर्षभर हात न लावलेला फिल्टर पाहिला की वासाचा उलगडा करायला तज्ज्ञ लागत नाही. घड्यांमध्ये काळी धूळ घट्ट बसलेली, पर्जन्यवृक्षाची बारीक पाने, झुरळाचे पंख, एखादा डास, आणि सगळ्यावर ओलसरपणाचा एक थर. असा फिल्टर झटकून परत बसवू नये. नवा काही शे रुपयांत मिळतो आणि बदलायला पाच मिनिटे लागतात. बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण पाहायचा. साध्या कागदी फिल्टरऐवजी कोळशाचा थर असलेला घेतला तर बाहेरच्या धुराचा वासही थोडा कमी होतो. दर दहा-पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, आणि धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच, तो बदलावा. काही जुन्या आणि स्वस्त गाड्यांत फिल्टर बसवलेलाच नव्हता. तिथे धूळ थेट कॉइलवर जाते, म्हणून त्यांची कॉइल जास्त वेळा धुवावी लागते.

बाजारातले उपाय आणि त्यांची खरी पोच

सर्वांत आधी गॅसबद्दल. वास येतो म्हणून गॅस भरणे हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे. एसीतला गॅस, बहुतेक गाड्यांत आर-१३४ए, बंद नळ्यांत फिरतो. तो वापरून संपत नाही आणि त्याला कुबट वास नसतो. गार हवा कमी झाली असेल तर गळती शोधायची, ती दुरुस्त करायची आणि मग गॅस भरायचा. वास हे त्याचे कारण होऊच शकत नाही.

सुवासिक जेल, लटकवायच्या बाटल्या, कापराच्या वड्या हे सगळे वासावर वास चढवतात. कॉइलवरचा थर तसाच राहतो, आणि दोन वास मिसळून प्रवासात मळमळ वाढते ती वेगळीच. डांबरगोळ्या तर गाडीत ठेवूच नयेत. त्यातले नॅप्थलीन बंद जागेत श्वासावाटे आत जाते आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांना ते विशेष घातक असते.

सीटवर ठेवून सोडायचे धुक्याचे डबे, म्हणजे फॉगर, हे हलक्या वासासाठी ठीक. हवा फिरते तिथपर्यंत औषध पोहोचते, वरवरचे जंतू मरतात, पण चिकट आवरणाच्या आतले टिकून राहतात. म्हणून काही आठवड्यांत वास परत येतो. त्याहून सरस उपाय म्हणजे कॉइलवर थेट फेस सोडणे. फिल्टर काढून त्या खाचेतून किंवा खालच्या नळीतून लवचिक पाइपने फेसाचे औषध कॉइलवर सोडतात, दहा-पंधरा मिनिटे मुरू देतात, मग ते मळ घेऊन नळीवाटे बाहेर येते. खाली वाहणारे पाणी आधी काळपट आणि मग स्वच्छ आले पाहिजे. हे काम करून घेताना गाडीजवळ उभे राहून तो रंग पाहावा, आणि नळी मोकळी आहे याची खात्री आधी करून घ्यावी. नळी चोंदलेली असताना फेस मारला तर सगळी घाण पेटीतच राहते.

घरगुती प्रयोगात एक पथ्य पाळावे. कपड्यांचे ब्लीच कॉइलवर मारू नये, ते ॲल्युमिनियम खाते आणि मग गळतीचा खर्च मागे लागतो. स्पिरिटसारखी पेट घेणारी द्रव्ये ब्लोअर चालू असताना फवारू नयेत. औषध कॉइलसाठीच बनवलेले घ्यावे.

ओझोनच्या यंत्राची जाहिरात अलीकडे बरीच दिसते. ओझोन वास मारतो हे खरे, पण तो फुप्फुसांना जाळतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्पष्ट सांगितले आहे की माणसाला सुरक्षित असलेल्या प्रमाणात ओझोन वास घालवायला पुरत नाही. म्हणजे तो परिणामकारक व्हायचा तर प्रमाण धोक्याचे ठेवावे लागते. तेव्हा गाडीत कुणी नसताना, जाणत्या माणसाकडून, आणि नंतर दारे उघडून बराच वेळ हवा खेळवल्यावरच हा उपाय ठीक. इतके करूनही कॉइलवरचा मळ तो धुऊन काढत नाही. चालत्या गाडीत लावायच्या छोट्या ओझोन यंत्रांपासून दूरच राहावे.

शेवटचा उपाय डॅशबोर्ड खोलून कॉइल बाहेर काढण्याचा. १९४० च्या मॉडेलसाठी पॅकार्ड कंपनीने पहिल्यांदा गाडीत एसी दिला तेव्हा त्याची कॉइल मागे डिकीत होती. पुढे ती डॅशबोर्डच्या पोटात आली, जागा वाचली, पण तिच्यापर्यंत हात पोहोचेनासा झाला. आज ती काढायची म्हणजे कित्येक गाड्यांत आधी गॅस काढायचा, मग स्टिअरिंग, एअरबॅग, वायरिंग सोडवायचे आणि सगळे जिथल्या तिथे बसवायचे. हे काम निष्काळजीपणे झाले तर खडखड, ढिल्या खिट्ट्या, एअरबॅगचा दिवा असे नवे आजार लागतात. फिल्टर, नळी, गालिचा आणि फेस या चारही गोष्टी करून पाहिल्याशिवाय या खर्चाला हो म्हणू नये. कॉइल गळत असेल, मेलेला उंदीर आत अडकला असेल किंवा पुराचे पाणी डॅशबोर्डपर्यंत चढले असेल तर मात्र पर्याय नसतो.

पुराच्या पाण्याचा विषय आपल्याला नवा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचा वास एसीतून येतो असे वाटते, पण त्याचे घर गालिच्याखालच्या फोममध्ये आणि दाराच्या आतल्या अस्तरात असते. सीट काढून, गालिचा उचलून, उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय तो जात नाही. तेवढा पूर न येताही, काचेखालच्या जाळीत पाने साचली किंवा सनरूफच्या नळ्या चोंदल्या तर पाणी असेच आत झिरपते.

आरोग्याचा प्रश्न

कुबट वासाने आजारी पडतो का? घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. १९८१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये गाडीच्या दूषित एसीमुळे फुप्फुसांना ॲलर्जीची सूज आल्याची नोंद प्रसिद्ध झाली. असे प्रकार विरळा असतात. दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्या माणसाला मात्र एसी लावताच शिंका, खोकला, घशात खवखव होऊ शकते. दुसरी बाजूही आहे. २०१० मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी तीन गाड्यांत केलेल्या मोजणीत एसी चालू असताना आतल्या हवेतले जंतू आणि बुरशीचे कण ८० टक्क्यांहून अधिक कमी झालेले आढळले. चांगला फिल्टर असलेला, स्वच्छ एसी हवा गाळतोच. दोष एसीचा नसून त्याच्या देखभालीचा आहे, हे यातून दिसते.

तापलेल्या गाडीत एसी लावल्यास डॅशबोर्डमधून बेन्झीन निघून कर्करोग होतो, असा संदेश फोनवर वर्षानुवर्षे फिरतो. म्युनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये उन्हात उभ्या गाड्यांतली हवा तपासली तेव्हा त्यांना तिच्यात आरोग्याला ठळक धोका दिसला नाही. तरीही तापलेल्या गाडीत बसताना आधी काचा खाली करून दोन मिनिटे हवा जाऊ देणे चांगलेच, कारण गाडी लवकर गार होते आणि कॉइलवरचा पहिला वास बाहेर निघून जातो.

रोजची सवय

टिकाऊ उपाय इथे आहे. मुक्कामाला पोहोचण्याच्या तीन-चार मिनिटे आधी एसीचे बटण बंद करावे, ब्लोअर चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. कॉइल बाहेरच्या तापमानाला येते आणि पाणी निथळते, सुकते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एवढे पुरेसे होते. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, त्यामुळे वाळायला जास्त वेळ लागतो. शिवाय एसी बंद करताच कॉइलवरचे पाणी वाफ होऊन काचेवर धुके धरते. म्हणून भर पावसात हे चालत्या रस्त्यावर करू नये. गाडी आवारात उभी केल्यावर इंजिन चालू ठेवून, काचा खाली करून करावे.

हीटर लावून कॉइल वाळवायचा सल्ला दिला जातो, तो अर्धाच बरोबर. बहुतेक गाड्यांत हवा आधी कॉइलवरून जाते आणि मग हीटरवरून, त्यामुळे हीटरची ऊब थेट कॉइलला मिळत नाही. आतलीच तापलेली हवा काही मिनिटे फिरवली तर ती कॉइलपर्यंत पोहोचते, आणि शेवटी काचा उघडून ती ओली हवा बाहेर काढावी लागते.

दुसरी सवय आतली हवा फिरवण्याच्या बटणाबद्दल. गर्दीत, धुरात ते दाबून ठेवणे योग्य. पण तासन् तास तसेच ठेवले तर आपल्याच श्वासाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आत साचतो, डुलकी येते आणि वासही मुरतो. मोकळा रस्ता लागला की बाहेरची हवा घ्यावी.

खरे म्हणजे हे वाळवण्याचे काम गाडीने स्वतः करायला हवे. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकातच गाडी बंद झाल्यावर ब्लोअर चालवून कॉइल वाळवणारी जोडणी वापरली होती. ह्युंदाईने २०२० मध्ये, पाणी आधी निथळू देऊन मग दहा मिनिटे ब्लोअर चालवणारी सोय जाहीर केली. त्यात महाग यंत्र नाही. ब्लोअर आधीपासून असतोच, त्याला वेळेवर चालवण्याचा एक आदेश लागतो. मग ही सोय महागड्या गाड्यांपुरती का राहावी? विजेवरच्या गाड्यांत तर मोठी बॅटरी तयारच असते.

हा प्रश्न मालकांच्या सुखसोयीपुरता उरलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. टॅक्सीचालक आधीच दिवसाचे दहा-बारा तास त्या हवेत काढतात; आता ट्रकचालकही काढतील. त्यांच्या गाड्यांत फिल्टर सहज निघेल अशा जागी असावा, पाण्याची नळी चोंदणार नाही अशी असावी आणि कॉइल आपोआप वाळावी, ही मागणी आता गाडी बनवणाऱ्यांकडे व्हायला हवी. आणि सर्व्हिसिंगच्या यादीत एसीपुढे खूण करणाऱ्याने जुना फिल्टर दाखवावा आणि नळीतून पाणी पडताना दाखवावे, एवढे प्रत्येक ग्राहकाने मागून घ्यावे. सुगंधाची बाटली विकून हा प्रश्न सुटणार नाही. तो ओलावा वाहून आणि वाळून गेला तरच सुटेल.